'ढ' हे निदान नव्हे

तासगाव तालुक्यातून एका आईचं पत्र आलंय. मुलगा नऊ वर्षांचा, गावच्या मराठी शाळेत चौथीत. घरची दीड एकर द्राक्षबाग. पोरगा बोलायला चुणचुणीत. कुठल्या दिवशी कुठलं औषध मारलं हे आजोबा त्यालाच विचारतात. पण पुस्तक हातात दिलं की अडतो. मध्यंतरी आईला वाटलं, आता बरा वाचायला लागलाय. एका संध्याकाळी तो कविता घडाघडा म्हणत होता, बोट ओळींवरून फिरत होतं, आणि तिच्या लक्षात आलं की पुस्तक भलत्याच पानावर उघडलंय. त्या दिवशी तिनं त्याला मारलं. दुसरीतली धाकटी बहीण आता त्याच्यापेक्षा भरभर वाचते. तिचं पुस्तक त्यानं पाण्याच्या हौदात टाकलं. वर्गाच्या बाई म्हणाल्या, एकदा सांगलीला नेऊन तपासून घ्या. घरात आजोबा म्हणतात, वय झालं की येईल. वडील म्हणतात, अपंगत्वाचा दाखला काढला की शिक्का बसला, तो जन्मभर पुसत नाही. चुलते म्हणतात, हॉस्टेलला टाका, सुतासारखा सरळ होतो. 'मी कुणाचं ऐकू? का इंग्लिश मीडियमला घालून नव्यानंच सुरुवात करू?' असं ती विचारते. सोबत शुद्धलेखनाच्या वहीचं एक पान जोडलंय.

ताई,

तुमचं पत्र वाचायच्या आधी माझं लक्ष त्या वहीच्या पानावर गेलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

दहा शब्द घातलेत. 'घर'चं 'धर' झालंय, 'भाकरी'ची 'माकरी'. 'सूर्य' त्यानं 'सुरय' लिहिलाय आणि 'दिवस' 'दविस'. खाली लाल शाईत शेरा आहे: लक्ष नाही, पाच वेळा लिही. आणि त्यानं पाच वेळा लिहिलंय. दविस, दवसि, दिवस, दीवस, दविस. तिसऱ्यांदा बरोबर आलं होतं, पण ते बरोबर आलंय हे त्याला कळलं नाही. कळलं असतं तर पुढं तेच दोनदा उतरवून मोकळा झाला असता. पाचव्या शब्दापाशी पेन्सिल इतकी दाबलीय की कागद फाटलाय.

आळशी पोर असं लिहीत नाही. ज्याला नुसतं उरकायचं असतं, ते पहिल्या ओळीत जे आलं तेच खाली चारदा उतरवतं आणि खेळायला पळतं. तुमच्या मुलानं पाचही वेळा नव्यानं डोकं लावलंय. पाचही वेळा तो त्या वेलांटीची जागा शोधतोय.

ती जागा शोधणं सोपं नाही, हे आपण मोठी माणसं विसरून गेलोय. 'दि' म्हणताना आधी द येतो, मग इ. लिहिताना मात्र वेलांटी आधी काढायची, अक्षर नंतर. 'सूर्य' म्हणताना र आधी ऐकू येतो आणि य नंतर, पण लिहिताना तो र पुढच्या य च्या डोक्यावर जाऊन बसतो. तुमच्या मुलानं 'सुरय' लिहिलं म्हणजे कानानं जे ऐकलं ते त्याच क्रमानं कागदावर ठेवलं. घ आणि ध, भ आणि म यांच्यात फरक किती? एका वळणाचा. बहुतेक मुलांच्या डोळ्यांना आणि कानांना ही सांगड दुसरीपर्यंत बसते, कशी बसली ते त्यांनाही सांगता येत नाही. काही मुलांना ती आपोआप बसत नाही. ती एकेक पायरी उलगडून, हात धरून बसवावी लागते.

मी डॉक्टर नाही आणि एका पानावरून निदान होत नाही, हे आधीच सांगते. पण अठ्ठावीस वर्षं मिरजेत आणि आसपासच्या शाळांत शिकवलंय, अशी पानं पुष्कळ पाहिलीत. आणि खरं सांगायचं तर पहिली दहा-बारा वर्षं अशा पानांखाली मीही तसलेच शेरे मारलेत. 'हुशार आहे पण लक्ष देत नाही.' एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावर हे वाक्य मी तीन परीक्षांना ओळीनं लिहिलं होतं. तो मुलगा सातवीनंतर शाळेत आला नाही. त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

ज्याला आज डिस्लेक्सिया म्हणतात, म्हणजे बुद्धी चांगली असून वाचन-लेखनात येणारी अडचण, ती काही आताच्या मोबाइलमुळं आलेली नाही. १८९६ साली इंग्लंडमधल्या एका डॉक्टरनं चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहून ठेवलंय. डोळे उत्तम, खेळात चपळ, गणितात बरा, पण वाचता येईना. स्वतःचं 'पर्सी' हे नाव तो 'प्रेसी' असं लिहायचा. त्याला कित्येक वर्षं शिकवणारे मास्तर म्हणाले होते की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. फवारण्यांच्या तारखा तोंडपाठ असलेला तुमचा मुलगा मला हे वाचताना आठवला. शिकण्यातल्या अशा अडचणी शंभर मुलांत पाच ते पंधरा जणांना असतात असं जगभर मानलं जातं. म्हणजे तीस मुलांच्या वर्गात एक-दोघे तरी असणारच. तुमच्या गावात तो एकटा नाही. एवढंच, की बाकीच्यांच्या आयांनी अजून पत्र लिहिलेलं नाही.

आता शिक्क्याचं बोलू, कारण सगळं घर तिथं अडलंय.

तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ आहे. त्या मारलेल्या रात्री झोपताना तो म्हणाला, 'आई, मी ढ हाय ना?' ताई, शिक्का बसायचाय अशी घरात सगळ्यांना भीती आहे, पण तो बसून दोन वर्षं झालीत. वर्गातल्या पोरांनी मारला, चुलत्यांनी मारला, आणि आता त्यानं स्वतःच तो कबूल केलाय. तेव्हा दाखला काढून नाव लावून घ्यायचं का नाही, हा तुमच्यापुढचा प्रश्न राहिलेलाच नाही. नाव लागलंच आहे. ते 'ढ' ठेवायचं की खरं काय ते शोधायचं, एवढंच ठरवायचंय. 'ढ' या नावावर इलाज नाही, ते ऐकून माणूस फक्त मान खाली घालतो. 'मला वाचायची अडचण आहे, ती अमुक प्रकारची आहे' असं म्हटलं की पुढचं काम दिसायला लागतं.

आजोबांना हे समजवायला तुमच्याकडं माझ्यापेक्षा चांगलं उदाहरण आहे. फळछाटणीच्या आधी तुम्ही काडी तपासायला देता ना? घड काडीच्या कितव्या डोळ्यावर, म्हणजे कोंबावर, आहे हे कळल्यावरच कात्री कुठं लावायची ते ठरतं. पान-देठ तपासून मग खताचा डोस ठरतो. काडी तपासली म्हणून वेल रोगट आहे असं गावात कुणी म्हणत नाही. न तपासता अंदाजानं कात्री चालवली तर मात्र वर्ष जातं. नातवाच्या बाबतीत आबा 'वय झालं की येईल' म्हणतात ते मायेनंच म्हणतात, आणि काही मुलांना उशिरा येतंही. पहिलीत हे वाक्य बरोबर ठरलं असतं. पण हा चौथी संपवायला आलाय. शिवाय आपल्याकडं आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुन्हा परीक्षा, आणि त्यातही नाही निघालं तर त्याच वर्गात. थांबणं आता फुकट राहिलेलं नाही.

दाखल्याबद्दल घरात जे समज आहेत, त्यांतले निम्मे ऐकीव आहेत. तपासणी वेगळी आणि दाखला वेगळा. तपासणी केली म्हणजे दाखला काढलाच पाहिजे असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, त्यात वाचन-लेखनाची ही अडचण 'अध्ययन अक्षमता' या नावानं आली, स्वमग्नताही (ऑटिझम) आली. त्यामुळं दाखला मिळायची सोय झाली. पण तो घ्यायचा की नाही, आणि घेतलेला कधी वापरायचा, हे तुमच्या हातात राहतं. तो शाळेच्या फळ्यावर लावत नाहीत. लहानपणी दिलेला दाखला कायमचाही नसतो, वय वाढेल तशी पुन्हा तपासणी होते. आणि वापरला तर दहावीला त्याचा मोठा आधार असतो: पेपरला तासामागं वीस मिनिटं जादा, लागला तर लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडं काणाडोळा, काही विषयांच्या निवडीत सूट. महाराष्ट्रात परीक्षेतल्या अशा सवलती १९९६ पासून आहेत. मुंबई-पुण्याची मुलं त्या कधीपासून घेतायत. तासगाव, जत, आटपाडीच्या मुलांपर्यंत त्या पोचत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, कारण गरज त्यांना काकणभर जास्तच आहे. सवलत म्हणजे फुकटचे मार्क असं कुणी म्हणालं तर सांगा, चष्मा लावून पेपर दिला तर त्याला कुणी कॉपी म्हणत नाही.

आता कुठं जायचं ते. सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घ्या. हे सोपं वाटतं म्हणून राहून जातं. कानात वारंवार पाणी होणाऱ्या मुलाला 'घ' आणि 'ध' वेगळे ऐकूच येत नाहीत, आणि आपण वाचनाचा क्लास शोधत हिंडतो. मग वर्गाच्या बाईंना भेटा. त्यांनी तुम्हाला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, पोराला वर्गात उभं करून नाही. या बाई तुमच्या बाजूच्या आहेत, त्यांना धरून ठेवा. त्यांच्याकडून दोन गोष्टी मागा: मुलाला नेमकं काय जमतं आणि काय जमत नाही याचं शाळेचं पत्र, आणि पंचायत समितीतल्या गटसाधन केंद्राकडं त्याचं नाव कळवणं. समग्र शिक्षा या सरकारी योजनेखाली तिथं समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांचं कामच हे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं, त्यांनाही 'याला वाचायला अडचण आहे' हे सांगायला हवं, नाहीतर वजन-उंची होऊन पोरगं रांगेतून पुढं जातं.

पुढची तपासणी मानसशास्त्रज्ञ करतात. सांगलीच्या सिव्हिलला जायच्या आधी दिव्यांग मंडळाचा, म्हणजे दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या समितीचा, वार विचारून घ्या, आणि वाचन-लेखनाच्या या चाचण्या तिथंच होतात की दुसरीकडं पाठवतात हेही. बागेचं काम सोडून दोघांनी दिवस मोडायचा आणि 'पुढल्या बुधवारी या' ऐकून परत यायचं, असं झालं की घरातला विरोध दुप्पट होतो. खाजगीत करणारेही सांगली-मिरजेत मिळतील. पण चाचणी मराठीतून करणार का, हे पहिल्यांदा विचारा. मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी शब्द वाचायला लावून काढलेला निष्कर्ष काही कामाचा नाही. जाताना गेल्या दोन वर्षांच्या वह्या न्या, प्रगतिपुस्तकं न्या, शाळेचं पत्र, आधार आणि जन्माचा दाखला न्या. त्याला पोटभर जेवू घालून न्या, कारण हे काम एका बैठकीत संपत नाही, दोन-तीन फेऱ्या होतात. आणि आदल्या रात्री सांगून ठेवा की तिथं सुई नाही. ठोकळे जुळवायचे, कोडी सोडवायची, ऐकून उत्तरं द्यायची, मग थोडं वाचायचं आणि लिहायचं. यातल्या पहिल्या भागात तो चमकेल असं मला वाटतं, आणि ते तुमच्या मिस्टरांच्या देखत व्हावं अशी माझी फार इच्छा आहे.

हॉस्टेलचं आता नको. भावोजींचा हेतू वाईट नसेल, पण जो मुलगा पान चुकल्याचं घरातल्यांपासून लपवतोय, तो चाळीस पोरांच्या खोलीत काय काय लपवेल याचा विचार करा. शिस्तीनं वेलांटीची जागा कळत नाही. शाळेत मुलाला मारणं, अपमान करणं हे शिक्षण हक्काच्या कायद्यानंही बंद आहे, तेव्हा 'तिथं बदडून काढतात म्हणून येतं' असं सांगून कुणी एखादी संस्था सुचवली तर तिथून लांबच राहा.

इंग्लिश मीडियमबद्दल तुमची ओढ मला कळते. नवा गणवेश, नवी शाळा, जुनी लाज मागं राहील असं वाटतं. पण अडचण त्याच्याबरोबर बसमध्ये चढेल. मराठीत खुणा पुष्कळ, जोडाक्षरांची भर वेगळी, पण जे लिहिलंय ते बहुतेक तसंच वाचतात. इंग्रजीत 'बट' आणि 'पुट'चं आपण शाळेत ऐकलंय. लिहिणं एक, म्हणणं दुसरं. ज्याला अक्षर आणि उच्चार जोडायलाच जड जातं त्याला तिकडं दुप्पट चढण लागते, आणि ती चढण अशा भाषेत, जी घरी कुणी बोलत नाही. आज त्याची ताकद काय आहे? बोलणं, ऐकणं, ध्यानात ठेवणं. माध्यम बदललं की तीच हातची जाते.

आकड्यांचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय की सत्तेचाळीस सांगितलं तर तो ७४ लिहितो. यात सगळा दोष त्याचा नाही. 'सत्ते' आधी ऐकू येतात, 'चाळीस' नंतर. तो पुन्हा ऐकलेल्या क्रमानंच लिहितोय. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'चाळीस सात' अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला तेव्हाही वाटलं होतं की आरडाओरडा करणाऱ्यांनी एकदा अशा मुलाशेजारी बसून पाहावं. घरी तुम्ही दोन्ही म्हणा: सत्तेचाळीस, म्हणजे चाळीस सात. काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधून चार जुडगे आणि सात सुट्या काड्या समोर ठेवा, मग लिहू दे.

घरच्या अभ्यासाबद्दल आता जरा सविस्तर, कारण तपासणी व्हायची तेव्हा होईल, संध्याकाळ रोज होते.

पहिलं, तास-दीड तासाची ती रडारड बंद करा. पंधरा मिनिटं, त्यापुढं एक मिनिट नाही. बहिणीसमोर नाही. तिला त्या वेळी आजीकडं पाठवा. परातीत बारीक रवा पसरा, त्यात बोटानं अक्षर काढायचं आणि काढताना त्याचा उच्चार मोठ्यानं करायचा. डोळा, कान आणि हात एकाच वेळी कामाला लागले की ठसा पक्का बसतो. घ आणि ध एका आठवड्यात घेऊ नका. घ दहा-पंधरा दिवस चांगला मुरू दे, मग ध. दोन सारखी अक्षरं शेजारी ठेवून 'बघ फरक' म्हणणं आपल्याला बरोबर वाटतं, पण त्यानं गोंधळ वाढतो. वेलांटीसाठी जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे कापा. एकावर द, एकावर व, एकावर स, आणि वेलांटी वेगळ्या तुकड्यावर. त्यानं 'दि' म्हणायचं आणि वेलांटीचा तुकडा स्वतःच्या हातानं उचलून द च्या आधी ठेवायचा. पाच वेळा लिहून जे झालं नाही ते असं हातानं हलवून होतं. वीस दिवस लागतील, लागू देत.

दुसरं, त्याच्यासाठी पुस्तक तुम्हीच तयार करा. शाळेचा धडा सध्या त्याचा वैरी आहे. फवारणीची वही तुमच्या घरात आहेच. रात्री त्याला विचारा, आज बागेत काय केलं? तो म्हणेल, 'आज आबांनी डाऊनीचं औषध मारलं. मी नळी धरली.' जसंच्या तसं मोठ्या अक्षरात लिहा. ते तो वाचेल, कारण वाक्य त्याचंच आहे. तुम्ही म्हणाल, हे तर पुन्हा पाठांतरच झालं, कवितेसारखं. पहिल्या दिवशी तसंच असतं. दुसऱ्या दिवशी त्याच वाक्याचे शब्द कात्रीनं सुटे करा, मिसळा आणि त्याला जुळवायला द्या. तिसऱ्या दिवशी 'नळी'तला न दुसऱ्या कुठल्या शब्दात आहे ते शोधू दे. इथं पाठांतर संपतं आणि वाचन सुरू होतं. महिनाभरात वीस-पंचवीस पानांची त्याची स्वतःची वही होईल. भुरी, डिपिंग, विरळणी हे बागेतले शब्द तो चौथीच्या पुस्तकातल्या शब्दांआधी वाचायला लागला तर लागू दे.

तिसरं, धडे त्याला वाचून दाखवा. परिसर अभ्यासातलं, गोष्टीतलं, पेपरमधलंसुद्धा. वाचता येत नाही म्हणून ज्ञान अडून राहिलं तर दोन वर्षांत तो खरंच मागं पडेल. वाचताना कधी त्याला बरोबर घ्या, दोघांनी एकाच वेळी मोठ्यानं म्हणायचं, तुमचं बोट शब्दाखाली. तो पुढं निघाला की तुम्ही आवाज कमी करा, अडला की पुन्हा वाढवा. चूक झाली की थांबवून 'पुन्हा वाच' नको, बरोबर शब्द तुम्ही म्हणा आणि पुढं चला.

वर्गासाठी बाईंकडं एवढंच मागा: त्याला सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका, फळ्यावरचं सगळं उतरवायला लावण्याऐवजी निम्मं चालेल, आणि शक्य तिथं उत्तर तोंडी घ्या. हे त्यांना करता येतं, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवतो, मेंदू जागृत करतो, रंगीत चष्म्यानं अक्षरं स्थिर होतात, असं सांगणारे लोक गाठतील. पैसे देऊ नका. वाचनाच्या या अडचणीवर औषध नाही, गोळी नाही. नेटानं, क्रमानं शिकवणं हाच उपाय आहे. काही मुलांना जोडीनं अतिचंचलतेचा त्रास असतो. पुस्तकच काय, जेवणातही दोन मिनिटं बसवत नाही. त्याच्यासाठी मात्र डॉक्टर औषध देऊ शकतात, ते वेगळं. तसंच, एखादं मूल वाचतं उत्तम पण वर्गात कुणाशी बोलत नाही, आवाजानं कान झाकतं, पंख्याच्या फिरण्याकडं तासन्‌तास बघतं, त्याची तपासणी वेगळ्या दिशेनं करावी लागते. हे वाचणाऱ्या दुसऱ्या आयांनी आपलं मूल या पत्रातल्या मुलासारखंच असेल असं धरून चालू नये. आणि गप्प बसणाऱ्या मुलींकडं विशेष पाहा. त्या हौदात पुस्तक टाकत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल पत्रंही येत नाहीत.

तुम्ही मारलंत त्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की हात अजून थरथरतो. तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं. पण तो फसवत नव्हता ताई, तुम्हाला खूश करत होता. अख्खी कविता कानानं ऐकून पाठ केली, ओळीच्या लांबीचा अंदाज घेऊन बोट फिरवलं, तुमच्या चेहऱ्यावर हसू यावं म्हणून. त्याला जवळ घेऊन सांगा: 'मी मारलं ते चुकलं. तुला ते जड जातंय हे मला कळलं नव्हतं.' एवढंच. पुढं उपदेश जोडू नका.

आणि आता ज्यावर मी सर्वांत जास्त विचार केला ते. तुमच्या पत्रात ओघात एक वाक्य आलंय: 'ह्यांची पण शाळा आठवीतच सुटली, सोसायटीचे, बँकेचे फॉर्म मीच भरते.' शाळा सुटायची कारणं हजार असतात, घरची गरिबी, बागेचं काम, काहीही. मी इथं बसून त्यांच्याबद्दल काही ठरवणार नाही. पण वाचनाची ही अडचण घराण्यात चालत येते, हे खरं आहे. शिक्क्याची सर्वांत जास्त भीती त्यांनाच का वाटते, याचं उत्तर कदाचित त्यांच्या शाळेच्या दिवसांत असेल. त्यांना 'तुम्हालाही तेच आहे' असं चुकूनही म्हणू नका. एखाद्या रात्री पोरं झोपल्यावर फक्त विचारा, 'तुम्हाला शाळेत काय काय व्हायचं हो?' आणि गप्प बसा. बोलले तर ऐका, नाही बोलले तर राहू दे. पण ज्या माणसानं दीड एकराची बाग नावारूपाला आणली, त्यानं जर एक दिवस बांधावर पोराला सांगितलं की 'मला पण अक्षरं अशीच नाचवायची रे', तर त्याचा जो उपयोग होईल तो माझ्या या सगळ्या पानांचा होणार नाही. दाखल्याला त्यांची संमती यातूनच येईल. तुम्ही भांडून मिळवलीत तर ती टिकणार नाही.

बहिणीला वेगळं सांगायला नको. भाऊ तिला बागेतलं शिकवतो आणि ती त्याला गोष्ट वाचून दाखवते, असं आठवड्यातून एकदा घडू दे. हौदातल्या पुस्तकाचं नवं पुस्तक दोघांनी मिळून आणावं.

फळछाटणी सुरू झाली की तुम्हा दोघांना डोकं वर काढायला सवड मिळणार नाही. त्याच्या आत डोळे-कान आणि शाळेचं पत्र, एवढं उरका. सांगलीची फेरी छाटणीनंतर झाली तरी चालेल.

वहीचं पान परत पाठवते आहे. पाचांपैकी तिसऱ्या 'दिवस'भोवती मी पेन्सिलीनं गोल केलाय. तो त्याला दाखवा.